जूनमधे बंद पडणारी एक्सेल फाइल

जून संपत आला की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार यायला लागते. मॅडम, जानेवारीत वर्षाचे गोल ठरवले, एक्सेल केलं, चार्ट काढला, आणि आता ती फाइलच उघडवत नाही. त्यातल्याच एकांचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

चाळिशीचे गृहस्थ, नोकरी अकाउंट्समधे, गोल वर्षात 1000 किमी चालायचा. लॅपटॉप घेऊनच आले. निळी रेघ चाललेल्या किलोमीटरची, नारिंगी टार्गेटची, महिन्याला 83 च्या हिशोबाने सरळसोट वर गेलेली, आणि टार्गेटच्या खालचा महिना आपोआप लाल होईल असं फॉरमॅटिंग. जूनअखेर 500 हवे होते, झाले 380. जानेवारी सोडला तर सगळंच लाल.

"माझ्याच्याने काही तडीला जात नाही, हा घ्या पुरावा."

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करते, म्हणजे थोडक्यात, घटनेपेक्षा तिच्याबद्दल आपण स्वतःला काय ऐकवतो ते जास्त छळतं. मराठीत तर ते एका अक्षरात सापडतं, 'च'. चालायला पाहिजे आणि चालायलाच पाहिजे. हे मी त्यांना दोन-तीन सेशन्स समजावलं, ते मान डोलवायचे आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. (माझं आवडतं उदाहरण फुकट गेलं याचा थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू.)

मग एकदा मी नुसतं विचारलं, मार्चमधे फक्त 20 का?

"मार्च एंडिंग हो मॅडम, घरी यायलाच दहा वाजायचे."

"मग ते 20 कुठे चाललात?"

"पार्किंगमधे. रात्री साडेदहाला, गेटपासून जनरेटरपर्यंत चकरा."

"मार्च एंडिंग येणार हे जानेवारीत माहीत नव्हतं?"

हसले. मग मी विचारलं, ऑफिसचं बजेट वर्षाच्या मधे बदलता का? "म्हणजे काय, रिव्हाइज्ड एस्टिमेट दरवर्षी असतं." तेव्हा कोणी म्हणतं का, की अकाउंट्सवाले नालायक आहेत?

बराच वेळ गप्प बसले. नुसते स्क्रीनकडे बघत होते. मला तिथे बोलायचा मोह होतो, पण इतक्या वर्षांत एवढं तरी शिकलेय की अशा वेळी पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचा आणि गप्प राहायचं. शेवटी म्हणाले, "पण ही पळवाट नाही का होणार?"

या प्रश्नाने मलाच नीट कळलं. कारण न लिहिता आकडा खाली आणला तर पळवाट, कारण लिहून आणला तर रिव्हिजन. ऑफिसातही टिपण जोडल्याशिवाय कोण सही करतं?

म्हणून आता मी सगळ्यांनाच सांगते, आकड्याशेजारी 'कारण' असा एक कॉलम ठेवा, दोन शब्द पुरेत. टार्गेटची रेघ बारा सारख्या तुकड्यांत कापू नका, तुमच्या वर्षात मार्च कुठे, गणपती कुठे, मुलांच्या परीक्षा कुठे ते बघून वाकवा. फाइल रोज उघडू नका, रविवारी एकदा बास. आणि ते लाल फॉरमॅटिंग काढून टाका, आपण काय सिग्नलला उभे नाही.

त्या गृहस्थांनी उरलेल्या सहा महिन्यांना दरमहा 65 धरून वर्षाचे 770 केले, जुनी नारिंगी रेघ पुसली नाही, फिकट करून ठेवली. डिसेंबरअखेर चार्टचा फोटो आला, 792. मार्चसमोर कारणाच्या कॉलममधे लिहिलं होतं, 'पार्किंग, रा. 10:30'.