४६ नीट, मग बिघडलं कुठं?

प्रश्न : आमची मुलगी दोन वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. आधी तिचा कॅरिओटाइप केला. ‘४६, एक्सएक्स, नॉर्मल’ असं लिहून आलं, आणि आमच्या जिवात जीव आला. पुढे आठ महिन्यांनी जनुकाची चाचणी झाली, तर जीजेबी२ नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत बदल निघाला. मग चुकली कुठली लॅब? रक्त तपासून कानातलं कसं कळतं? आमच्या दोघांच्याही घरी बहिरेपणा कुणालाच नाही, त्यामुळे ‘हे आलं कुणाकडून’ यावरच रोज बोलणं होतं. दुसऱ्या मुलाचा विचार करावा की नाही?
— एक आई

उत्तर : लॅब कुठलीच चुकलेली नाही. हे मी छातीठोकपणे लिहिते, कारण तुमचा पहिला अहवाल जिथे तयार होतो तसल्या टेबलाशी माझी एकतीस वर्षं गेली. ‘नॉर्मल’ हा शब्द मी किती अहवालांवर लिहिला याची मोजदाद नाही. त्या शब्दाचा खरा अर्थ ‘सूक्ष्मदर्शकातून जेवढं दिसतं तेवढं नीट’ इतकाच असतो. पण तेवढं सगळं अहवालावर मावत नाही आणि घरी नेणाऱ्याला कुणी सांगतही नाही. ही आमच्या धंद्याची जुनी खोड.

कॅरिओटाइप म्हणजे गुणसूत्रांची मांडणी. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा गुंडाळलेला धागा, आणि माणसाच्या पेशीत ती ४६ असतात. ‘एक्सएक्स’ म्हणजे मुलगी. रक्तातल्या लाल पेशींत केंद्रकच नसतं, म्हणून पांढऱ्या पेशी घ्यायच्या. त्या तीन दिवस वाढवायच्या, ऐन विभाजनात थांबवायच्या, पातळ द्रावणात फुगवायच्या आणि काचेवर थेंब टाकायचा. रंग चढला की गुणसूत्रांवर गडद-फिके पट्टे उठतात. मी कामाला लागले तेव्हा फोटो छापून प्रत्येक गुणसूत्र बारीक कात्रीने कापायचं आणि जोडीजोडीने पुठ्ठ्यावर चिकटवायचं, अशी पद्धत होती. एकदा मला शिंक आली आणि एक २१ नंबर टेबलाखाली उडाला. मी गुडघ्यांवर बसून तो शोधत होते तेवढा वेळ एका धडधाकट माणसाची गुणसूत्रं ४५ होती!

आता त्या पट्ट्यांचा हिशेब बघा. डीएनएच्या मजकुराला चारच अक्षरं : ए, टी, जी, सी. आईकडून आलेल्या २३ गुणसूत्रांत मिळून अशी ३०० कोटींहून जास्त अक्षरं, वडिलांकडूनही जवळपास तितकीच. हा सगळा धागा सरळ ताणला तर एका पेशीतला दोनेक मीटर भरेल. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या एकेका पट्ट्यात साधारण ५० लाख ते एक कोटी अक्षरं गुंडाळलेली असतात. पूर्ण गुणसूत्र जास्त असेल, मोठा तुकडा तुटला असेल किंवा भलतीकडे जोडला गेला असेल, तर आम्हाला दिसतं. एका अक्षराचा फरक? जन्मभर डोळे फोडले तरी दिसायचा नाही.

तुमच्या मुलीचा फरक नेमका एका अक्षराचा आहे. सोबत पाठवलेल्या अहवालात १३व्या गुणसूत्रावरच्या या जनुकातलं ७१वं अक्षर ‘जी’च्या जागी ‘ए’ झाल्याचं म्हटलंय. पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांनी वाचते. चोविसावा शब्द हवा होता टीजीजी, म्हणजे ‘ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल जोड’. तो झाला टीएजी, आणि टीएजीचा अर्थ ‘इथे थांब’. २२६ मण्यांची माळ ओवायची होती, ती २३ मण्यांवर संपली. या जनुकावरून बनणारं कॉनेक्सिन २६ हे प्रथिन मग तयारच होत नाही. आतल्या कानात शेजारशेजारच्या पेशींमध्ये त्याची बारीक दारं असतात. त्या दारांतून पोटॅशियम पुढे सरकत राहतं, आणि ऐकण्याच्या पेशींचं काम त्यावर चालतं.

रक्तावरून हे कळतं, कारण तुमच्या मुलीच्या सगळ्या पेशी एकाच फलित पेशीपासून झाल्या आहेत. कानातल्या पेशीत जो मजकूर, तोच रक्तातल्या पांढऱ्या पेशीत. पांढऱ्या पेशीला ते पान उघडायचं काम पडत नाही, एवढंच.

‘कुणाकडून’ याचं उत्तर : दोघांकडून. वडिलांकडून एक प्रत, तुमच्याकडून एक. तुम्हा दोघांकडे दुसरी प्रत चांगली आहे आणि ऐकू येण्यासाठी एक चांगली प्रत पुरते. म्हणून हा बदल दोन्ही घरांत पिढ्यान् पिढ्या मुकाट राहू शकतो. घरात वाद घालणाऱ्यांना एवढंच सांगा, की एकट्या कुणाकडून आला असता तर मुलीला ऐकू आलं असतं. हे पक्कं करायला तुमची दोघांची चाचणी मात्र करून घ्या. दोघं वाहक, म्हणजे एक बदललेली आणि एक चांगली प्रत असलेले, ठरलात, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला ऐकू न येण्याची शक्यता चारात एक, ऐकू येणारं पण तुमच्यासारखं वाहक असण्याची चारात दोन, आणि बदल अजिबात नसण्याची चारात एक. पहिल्या मुलीने तो ‘एक’ वापरून संपवलाय असं नसतं. हिशेब दर वेळी नव्याने. मूल होऊ द्यावं की नाही, हे तो हिशेब ठरवत नाही आणि मीही ठरवणार नाही. जनुकीय समुपदेशकाशी दोघांनी बसून बोला.

आणि मुलीबद्दल. या जनुकातल्या बदलाने बुद्धीला धक्का लागत नाही. बिघाड कानाच्या आतल्या भागात आहे, पुढची नस शाबूत असते. म्हणूनच अशा मुलांना कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राचा, चांगला उपयोग होतो. मेंदू भाषा पकडतो तो पहिल्या काही वर्षांत, तेव्हा तज्ज्ञाची वेळ या आठवड्यातच घ्या. तोवर हातवाऱ्यांची भाषा सुरू करा. शस्त्रक्रियेची वाट बघत मुलीला बिनभाषेचं ठेवू नका. ओटोफर्लिन नावाच्या वेगळ्या जनुकात बदल असलेल्या काही मुलांना जनुकोपचाराने ऐकू येऊ लागल्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जीजेबी२साठी तसा उपचार अजून दवाखान्यात पोचलेला नाही. कुणी आश्वासन दिलं तर उठून या.

प्रश्न : मी अकरावीत आहे. डीएनएचा एक धागा असला की दुसरा आपोआप कळतो, मग पेशी दोन कशाला बाळगते? आणि दुरुस्तीची यंत्रणा असूनही आनुवंशिक आजार का राहतात?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर तूच दिलं आहेस. दुसरा आपोआप कळतो, म्हणूनच बाळगायचा. एसमोर टी, जीसमोर सी. एका धाग्यावरचं अक्षर खराब झालं तर समोरचं बघून ते भरता येतं. सीचं रूपांतर यूत होणं शरीरात रोज चालूच असतं. यू हे डीएनएचं अक्षरच नव्हे, म्हणून ते ओळखून कापणारी विकरं (एन्झाइम) असतात. थॉमस लिंडाल यांनी हे उलगडलं, आणि दुरुस्तीच्या इतर वाटा शोधणारे पॉल मॉड्रिच व अझीझ सँकार यांच्यासह त्यांना २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९५३मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी दुहेरी रचना मांडली, तेव्हाच डीएनएची नक्कल कशी होत असेल याचा इशारा त्यांनी एका वाक्यात दिला होता. तुझ्या पुस्तकात रोझालिंड फ्रँकलिन यांचं नाव नसेल तर समासात लिहून ठेव. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या १९५२च्या क्ष-किरण छायाचित्रावाचून ते दोघं अडले असते.

आता दुसरा प्रश्न. वरचं पत्र वाच. सीचा यू झाला आणि कापणारं विकर येण्याआधीच नक्कल झाली, की नव्या धाग्यावर यूसमोर ए बसतो. पुढच्या नकलेत त्या एसमोर टी. जिथे जी-सी होती तिथे आता ए-टी आहे, अगदी व्यवस्थित जोडी. दुरुस्तीवाला जोडी जुळते का तेवढंच बघतो. टीजीजीचा टीएजी झाल्याने माळ तुटते, हे त्याला कळायला मार्ग नाही, कारण मजकुराचा अर्थ तो वाचतच नाही. बीजपेशीत (स्त्रीबीज किंवा शुक्राणू घडवणाऱ्या पेशीत) असं एकदा झालं की पुढची प्रत्येक नक्कल बिनचूक होते, त्या चुकीसकट.