डोळे तेवढे उघडा

प्रश्न : न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात लेकीने मला जर्मन चित्रकार गेरहार्ड रिख्टरची चित्रं दाखवली. मेलेल्या बाईचा एकच फोटो तीनदा काढलेला, तोही धूसर. फोटोवरून उतरवायचं आणि वरून पुसायचं, यात कला ती कसली? शिवाय बाई दहशतवादी होती म्हणे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : पोटासाठी मी सहा वर्षं एका फोटो स्टुडिओत तसबिरी रंगवल्या. घरात कुणी गेलं की लोक शेवटचा फोटो घेऊन यायचे. मागणी ठरलेली : "डोळे तेवढे उघडा." मग नाकातला कापूस काढायचा, डोळे उघडायचे, हवा असेल तर कोटही चढवायचा. तेराव्याच्या आत तसबीर तयार.

रिख्टरने डोळे मिटलेलेच ठेवले. ती उलरिके माइनहोफ. आधी पत्रकार, मग पश्चिम जर्मनीतल्या 'रेड आर्मी फॅक्शन' या सशस्त्र गटात. मे १९७६ मध्ये ती श्टामहाइमच्या तुरुंगात गळफास लागलेल्या अवस्थेत सापडली आणि 'श्टर्न' साप्ताहिकाने मृतदेहाचा फोटो छापला. फोटो 'हे बघा, मेली' असं ठणकावून सांगतो. रिख्टरने १९८८ मध्ये पोलिसांचे आणि छापून आलेले असे फोटो घेऊन १५ करडी चित्रं केली, रंग ओला असतानाच वरून कोरडा ब्रश ओढला. ठणकावणं गेलं, आपण डोळे बारीक करून बघत राहतो. तीनपैकी दोन चित्रं ६२ सेंमी उंच, तिसरं जेमतेम ३५.

मला मात्र त्या १५ चित्रांतला रेकॉर्ड प्लेअर जास्त छळतो. याच गटाचा म्होरक्या आंद्रेआस बाडर, त्याच्या कोठडीतला. तबकडी अजून त्यावरच आहे. ज्या पिस्तुलाच्या गोळीने तो मेला, ते यातच लपवलं होतं, असं तपासात म्हटलं गेलं. चित्रात नुसता प्लेअर.

दहशतवादाचं म्हणाल, तर या गटाने पळवून नेऊन मारलेला उद्योगपती हान्स मार्टिन श्लायर १५ चित्रांत कुठेच नाही. हे मलाही खटकतं. मालिकेचं नाव '१८ ऑक्टोबर १९७७'. बाडर आणि दोघे साथीदार ज्या दिवशी तुरुंगात मृत सापडले, तो हा दिवस. श्लायरचा खूनही त्याच दिवशीचा.

पुसणं ही काही एकच वाट नाही. चित्रकार मार्लिन ड्यूमासने २००४ मध्ये माइनहोफचा तोच फोटो घेतला, पण नुसतं डोकं, जवळून आणि मोठं. नाव दिलं 'श्टर्न'. म्हणजे बाई आणि तिला छापणारं साप्ताहिक, दोघंही एकाच चौकटीत.

लेक पुन्हा गेली तर तिला म्हणावं, सगळ्यात लहान चित्रापुढे आधी उभी राहा.