वाचकांचे प्रश्न : पॉप-अप कॅम्परच्या छताची दुरुस्ती

प्रश्न : आम्ही मिशिगनमध्ये राहतो. उन्हाळ्यातील सहलींसाठी एक जुना पॉप-अप कॅम्पर (गाडीमागे ओढायची, छत वर उचलून तंबूसारखी उघडणारी फिरती खोली) घेतला आहे. पाणी मुरल्यामुळे त्याच्या छताच्या कडेचे लाकूड कुजले असून, तंबूचे कापड छताला धरून ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचे स्क्रू जागेवर नुसतेच फिरतात. लाकूड बदलल्यावर भोके पूर्वीच्याच जागी यावीत यासाठी घरच्या घरी जिग (भोके ठरल्या जागी पाडण्यासाठीचा साचा) कसा करावा? काम चालू असताना छताला आधार कशाचा द्यावा?

उत्तर : आधार आणि जिग या दोन गोष्टी आपण पूर्णपणे वेगळ्या ठेवाव्यात. वजन घेणारी वस्तू थोडीफार वाकतेच, त्यामुळे तिच्यावरून माप घेणे योग्य नाही.

प्रथम आधाराविषयी. छत विंच (हँडलने फिरवायचा केबल गुंडाळणारा रहाट) आणि केबलच्या जोरावर वर राहते, म्हणून केवळ त्यांच्या भरवशावर छताखाली काम करू नये. कॅम्पर समपातळीत आणून चाकांना अडण्या लावाव्यात आणि मग चारही कोपऱ्यांचे जॅक टेकवावेत. मग छत पूर्ण वर घेऊन खालच्या खोक्याच्या काठापासून छताच्या कडेपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांत मोजावी. मापे जुळत नसतील तर दोष बहुधा एखाद्या ताणलेल्या केबलचा असतो. तो आधी काढावा, नाहीतर आपण वाकड्या छतालाच आधार द्याल. टेकूंसाठी चार टू-बाय-फोर (साधारण दोन बाय चार इंची लाकडी वासे) करवतीला ठोकळा लावून एकाच लांबीचे कापावेत. प्रत्येकाच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी प्लायवूडचे तुकडे ठोकले की तो खोक्याच्या काठावर खाचेसारखा बसतो आणि घसरत नाही. वरच्या टोकाला रुंद फळी हवी, कारण छताचे प्लास्टिक एका बिंदूवर भार आला तर तडकते. टेकू लावल्यावर विंच जराशी उलटी फिरवून भार त्यांच्यावर येऊ द्यावा.

आता जिग. दोन भोकांमधील अंतराचा छोटा ठोकळा करून, त्याची खुंटी आधीच्या भोकात अडकवत पुढचे भोक पाडत जाण्याचा मोह बहुतेकांना होतो, कारण तो ठोकळा पाच मिनिटांत तयार होतो. ठोकळ्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक असली तर वीस भोकांनंतर ती 10 मिलिमीटर होते, आणि कापड शेवटच्या कोपऱ्यात एकतर ताणले जाते किंवा त्याला सुरकुत्या पडतात. म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीइतक्या लांबीची सरळ फळीच जिग म्हणून वापरावी. जुनी पट्टी काढल्याबरोबर ती या फळीवर क्लॅम्पने घट्ट धरावी आणि तिच्या भोकांतून टोच्याने खुणा कराव्यात. फळीचे एक टोक शून्य मानून सर्व मापे तिथूनच धरावीत. फळीच्या खाली काटकोनात एक पट्टी जोडली की ती छताच्या कडेला टेकते आणि सगळी भोके एका रेषेत येतात. डावी-उजवी बाजू, पुढचे टोक आणि वरची बाजू फळीवर ठळक लिहावी. डाव्या बाजूची फळी उलटी करून उजवीकडे वापरता येईल, असे मात्र तपासल्याशिवाय गृहीत धरू नये.

लाकडी जिगमधील भोक ड्रिलने हळूहळू मोठे होते, म्हणून त्यात स्टीलच्या नळीचा लहान तुकडा बसवावा. ड्रिल किती खोल जावे हे ठरवण्यासाठी बिटवर लाकडी नळकांडे घालावे. नुसती चिकटपट्टी गुंडाळली तर ती सरकते आणि ड्रिल थेट छतातून बाहेर येते.

जिथे लाकूड निरोगी आहे पण भोक सैल झाले आहे, तिथे गोल काडी ठोकण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. मला तो पसंत नाही, कारण काडीचे तंतू स्क्रूच्याच दिशेने असतात आणि पकड कमी मिळते. भोक मोठे करून त्यात घट्ट कालवलेले इपॉक्सी भरावे, ते पूर्ण वाळल्यावर जिग लावून नवे भोक पाडावे. पट्टी बसवताना तिच्याखाली ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी) लावावी. सिलिकॉन नको, कारण त्याचा थर राहिला की पुढे त्यावर दुसरे काहीच चिकटत नाही.

प्रश्न : हा जिग एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) केला तर चालेल का?

उत्तर : कोरड्या गॅरेजमध्ये चालेल, पण अंगणात काम करणार असाल तर दवानेही एमडीएफ फुगते आणि कडा सरळ राहत नाही. 18 मिलिमीटर जाडीचे चांगले प्लायवूड घ्यावे.