कर्जाला माफी, पापाला क्षमा

एका ख्रिस्ती लेखाचा मराठी अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारलं आहे : मूळ लेखात 'पापक्षमा' या अर्थाचा शब्द पानोपानी येतो. तेच ते वाचून कंटाळा येऊ नये म्हणून आलटूनपालटून 'पापक्षालन', 'पापमुक्ती', 'पापांची माफी' असे शब्द योजले, तर संपादकांनी लाल खुणा केल्या. हे समानार्थी शब्द नाहीत का? नमुन्यादाखल वाक्यही पाठवलं आहे : 'येशूच्या बलिदानाने पापक्षालन होते, प्रायश्चित्त घेणाऱ्याला देव माफी देतो व त्यास मोक्ष मिळतो.'

संपादकांचं बरोबर आहे. चंद्राला एकदा शशी आणि एकदा सुधाकर म्हटलं तर आकाशात काही बदलत नाही. इथे शब्द बदलला की कर्ता बदलतो, आणि या विषयात सगळी मेख कर्त्यातच आहे.

आधी 'माफी' घेऊ. पायावर पाय पडला तर आपण 'माफ करा' म्हणतो. फी माफ होते, कर्ज माफ होतं, दंड माफ होतो, आणि साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा आरोपी 'माफीचा साक्षीदार' होतो. देणं किंवा शिक्षा वसूल न करण्याचा हा व्यवहार आहे. आता उलट करून पाहा. 'कर्जक्षमा' असं कुणी म्हणत नाही. 'फीक्षमा' तर हसूच आणेल. मराठीने कामं वाटून दिली आहेत : कर्जाला माफी, पापाला क्षमा.

पंचाईत अशी की शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाने असलेल्या येशूच्या ग्रीक चरित्रांत, ही वाटणीच नाही. येशूने शिष्यांना शिकवलेल्या 'प्रभूच्या प्रार्थने'त मत्तयाने 'पापे' म्हटलेलं नाही, 'ऋणे' म्हटलं आहे. त्याच प्रार्थनेत लूक मात्र 'पापे' लिहितो. यात गोंधळ नाही. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे तिच्यात 'होबा' हा एकच शब्द देणं आणि पाप या दोन्हींसाठी चालतो. मराठी पवित्र शास्त्राने, म्हणजे मराठी बायबलने, मत्तयाच्या ओळीत ऋणे ठेवली आणि त्यांना जोडून 'क्षमा कर' न म्हणता 'सोड' म्हटलं. मला ही निवड फार आवडते. 'देणं सोडलं' हे अस्सल मराठी आहे, सावकाराच्या ओट्यावरचं आहे, आणि मूळ ग्रीक क्रियापदाला ते अगदी चपखल बसतं.

ते क्रियापद म्हणजे 'अफिएमी'. त्याचा साधा अर्थ सोडणं, जाऊ देणं. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात शिमोन आणि अंद्रिया जाळी सोडून येशूच्या मागे जातात, तिथे हेच क्रियापद आहे. आठव्या अध्यायात पेत्राच्या सासूचा ताप तिला सोडून जातो, तिथेही हेच. आणि पापांची क्षमा होते, तिथेही हेच. जाळी सुटली, ताप सुटला, पाप सुटलं. ग्रीक वाचकाला हे तिन्ही एका सुरात ऐकू येतं. मराठीत पापाच्या ठिकाणी 'क्षमा' येऊन तो धागा तुटतो.

'क्षमा' शब्दाचं घराणंच वेगळं आहे. संस्कृत 'क्षम्' म्हणजे सोसणं, सहन करणं. म्हणूनच पृथ्वीलाही 'क्षमा' म्हणतात. ती नांगर सोसते, भार सोसते. (त्याच धातूचं 'क्षमस्व' हे आज्ञार्थी रूप, म्हणजे 'तू क्षमा कर'. त्यामुळे 'मी क्षमस्व आहे' या वाक्याचा अर्थ 'मी माफ-कर आहे' असा काहीतरी होतो. पण तो वेगळाच रडका विषय.) म्हणजे ग्रीक शब्द अपराध्याच्या बाजूने पाहतो, त्याच्या अंगावरून काहीतरी उतरलं. क्षमा हा शब्द ज्याचा अपराध झाला त्याच्या बाजूने पाहतो, त्याने सोसलं.

यावरून 'क्षमा' हा चुकीचा अनुवाद ठरतो का? मला तसं वाटत नाही, आणि त्याला आधार हिब्रूत सापडतो. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या हिब्रू भागात, क्षमेसाठी येणाऱ्या क्रियापदांपैकी एक आहे 'नासा' : उचलणं, वाहून नेणं. बत्तिसाव्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत ज्याचा अपराध उचलला गेला, ज्याचं पाप झाकलं गेलं, त्याला धन्य म्हटलं आहे. दुसऱ्याचा भार स्वतःवर घेणं हा अर्थ 'क्षम्'च्या सोसण्यापासून फार लांब नाही. ग्रीकमध्ये हरवलेली एक छटा संस्कृतातून मराठीत येऊन बसली, असं म्हणायला हरकत नाही. याच ओळीतल्या झाकण्यासाठी मराठी शास्त्रात 'पांघरूण घालणे' आहे. आजच्या कानाला ते खटकतं, कारण 'पोराच्या चुकांवर पांघरूण घालू नका' हे आपण रोज ऐकतो. लपवाछपवीचा तो वास स्तोत्रात नाही. त्याच स्तोत्रात पुढे स्तोत्रकर्ता म्हणतो, मी माझं पाप लपवलं नाही. त्याने उघडं केलं, मग देवाने झाकलं.

हिब्रूत 'सालाख' असंही एक क्रियापद आहे, आणि त्याची गंमत अशी की त्याचा कर्ता फक्त देवच असतो. माणूस माणसाला जे करतो त्यासाठी ते वापरतच नाहीत. मराठीत ही सोय नाही. 'क्षमा' देवही करतो आणि शेजारीही. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात तो प्रसंग या भेदाशिवाय कळत नाही. येशू त्याला म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तिथे बसलेले शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे पंडित, मनातल्या मनात भडकतात : देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? 'क्षमा झाली आहे' या रचनेत कर्ता सांगितलेलाच नाही. देवाचं नाव उच्चारायचं नाही म्हणून असं कर्ताहीन बोलण्याची यहुदी रीत होती, तेव्हा 'देवाने केली' असा अर्थ त्यात निघतो. पुढे मात्र येशू तो अधिकार उघडपणे स्वतःकडे घेतो. अनुवादात इथे 'मी तुला माफ केलं' असं घातलं तर शास्त्र्यांचा राग आधीच फुटतो आणि प्रसंगातली चढती कमान मोडते.

आता 'पापक्षालन'. क्षालन म्हणजे धुणं, आणि धुण्याची प्रतिमा बायबलमध्ये भरपूर आहे. एक्कावन्नाव्या स्तोत्रात 'मला धू' अशी विनवणी आहे. तरी पापक्षालन हा शब्द मराठीत ज्या रस्त्याने आला त्या रस्त्यावर तीर्थ, स्नान, व्रत, दान आहे. क्षालन पापी स्वतः करतो. स्तोत्रात धुणारा देव आहे. 'देवाने पाप धुतले' लिहा, हरकत नाही. नुसतं 'पापक्षालन झाले' लिहिलं की वाचक नकळत कर्ता बदलतो.

'प्रायश्चित्त'ची गोष्ट याहून पुढची. रोजच्या मराठीत प्रायश्चित्त 'घेतात' किंवा 'करतात', ज्याने चूक केली तोच. योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मात्र ख्रिस्त हा आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त 'आहे'. घेणं नाही, करणं नाही, असणं. एका क्रियापदाच्या फरकाने शब्द डोक्यावर उभा केला आहे. म्हणून तुमच्या वाक्यातलं 'प्रायश्चित्त घेणाऱ्याला' सर्वात धोक्याचं. तिथे तुम्हाला बहुधा 'पश्चात्ताप करणाऱ्याला' म्हणायचं असावं. (दोन्ही शब्दांत 'त्त' आहे. 'पश्चाताप' छापलेला पाहून मला नेमका तोच होतो.)

या जोडीने युरोपातही बरंच रामायण घडवलं. ग्रीक 'मेतानोइया' म्हणजे मन पालटणं. लॅटिन भाषांतरात त्याचं जे रूप झालं ते 'प्रायश्चित्त करा' असंही वाचता येत होतं आणि तसं वाचलंही जाई. प्रॉटेस्टंट धर्मसुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या १५१७ सालच्या ९५ प्रबंधांपैकी (म्हणजे वादासाठी मांडलेल्या विधानांपैकी) पहिलाच यावर आहे : ख्रिस्ताने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा माणसाचं सबंध आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असा त्याचा अर्थ होता. त्याच वादातली, चर्चच्या नावाने विकली जाणारी जी पत्रं आपल्याकडे 'पापमुक्तिपत्रे' म्हणून ओळखली जातात, ते नावही सैल आहे. कॅथलिक शिकवणीप्रमाणे दोष आणि दंड या दोन गोष्टी. दोषाची क्षमा झाल्यावरही जो ऐहिक दंड भोगायचा उरतो, त्यात ती सूट होती. म्हणजे खरं तर 'दंडमाफी'. बघा, तिथे माफी कशी फिट्ट बसते! विक्रीच्या धामधुमीत हा भेद घेणाऱ्याला किती कळत होता, हा प्रश्न निराळा.

'मोक्ष' तर काढूनच टाका. तो जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याचा शब्द आहे. ख्रिस्ती मराठीत पापातून वाचवलं जाण्यासाठी 'तारण' रूढ आहे. कर्जासाठी ठेवतात ते तारणही याच रूपाचं, पण संदर्भाने भागतं. 'मुक्ती' शास्त्रात आहे, पण किंमत भरून सोडवण्याच्या अर्थाने, आणि तिथे जोडीला एक असा शब्द आहे की आजचा वाचक दचकतो : 'खंडणी'. मार्काच्या दहाव्या अध्यायात 'मनुष्याचा पुत्र' (येशू स्वतःला असं म्हणे) आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला आहे. जुन्या मराठीत खंडणी राजाला भरायचा कर होती, आता ती गुंडांना द्यायची रक्कम झाली. अवतरण देत असाल तर शब्द तसाच ठेवा, स्वतःच्या वाक्यात 'मोल' किंवा 'सोडवणुकीची किंमत' म्हणा.

'माफी' पूर्ण बाद आहे असं मात्र माझं म्हणणं नाही. तिचं अरबी मूळ पुसून टाकण्याशी नातं सांगतं, वाऱ्याने वाळूतल्या खुणा पुसाव्यात तसं. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आपल्याविरुद्धचा ऋणलेख पुसून टाकल्याचं चित्र आहे. व्युत्पत्तीने पाहिलं तर तिथे क्षमेपेक्षा माफीच जवळची. आणि गुडघे टेकून एकटा बसलेला माणूस 'प्रभू, मला माफ कर' म्हणाला तर त्याची भाषा तपासायला जाऊ नये. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेत, तर ती हक्काने येते. तिथल्या दासाचं राजाला देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. राजा ते सोडतो. हाच दास बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. इथे बिनदिक्कत 'कर्ज माफ केलं' लिहा. इथे 'क्षमा' लिहिलीत तर हिशेबाची वही नाहीशी होते आणि दाखल्याचा डंखही जातो.

तुमचं वाक्य मी असं करीन : 'ख्रिस्त स्वतःच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे, जो पश्चात्ताप करून त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याच्या पापांची देव क्षमा करतो आणि त्याचे तारण होते.' यात 'क्षमा' एकदाच आली आहे. पुढच्या वाक्यात पुन्हा लागली तर पुन्हा 'क्षमा'च लिहा.