डाग धुवायला धावू नकोस

पोरी,

तुझा मेसेज वाचला. ‘मॅडम, पुढच्या वर्षी तीच स्पर्धा, तीच चारशे मीटर, एकदा जिंकून दाखवते आणि मग सोडते.’ तुझी काळजी वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. रेषेच्या आधी हात वर केलास, शेजारच्या लेनमधली पुढे गेली, कुणीतरी व्हिडिओ फिरवला. झालं ते झालं, त्यावर मी आणखी काही बोलणार नाही. मला बोलायचंय ते ‘जिंकून दाखवते’ याबद्दल. डाग धुवायला धावू नकोस.

लिंडसी जेकोबेलिस हे नाव तुझ्या कानावर आलं असेल. असल्या व्हिडिओंमध्ये तिची ती उडी हमखास असते. तिचा खेळ स्नोबोर्ड क्रॉस. चौघीजणी एकाच वेळी गेटमधून सुटतात, बर्फाच्या उतारावर वळणं, उंचवटे, उड्या, एकमेकींचे धक्के, आणि आधी खाली पोचेल ती जिंकली. गुण देणारं कुणी नाही. २००६ला तुरिनमध्ये हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. अमेरिकेची लिंडसी तेव्हा २० वर्षांची, आदल्याच वर्षी जगज्जेती झालेली. अंतिम शर्यतीत दोघी वाटेतच पडल्या आणि ही बरीच पुढे निघाली. शेवटून दुसऱ्या उडीवर, हवेत असताना, तिने हात मागे नेऊन बोर्डाची कड धरली. त्याने वेळेत काडीचाही फायदा होत नाही. उतरताना बोर्ड कडेवर टेकला आणि ती आडवी झाली. उठून खाली येईपर्यंत स्वित्झर्लंडची तान्या फ्रीडेन पुढे निघून गेली होती. लिंडसीला रौप्य.

पुढची गोष्ट सगळे एका दमात सांगतात: १६ वर्षांनी सुवर्ण मिळालं, डाग पुसला गेला. मला ही गोष्ट अशी सांगितलेली अजिबात आवडत नाही. मधली वर्षं कुठे गेली? तुरिननंतर वर्षभरात, २००७ला अरोसामध्ये, ती पुन्हा जगज्जेती झाली. मग २०११, २०१५, २०१७. एक्स गेम्स या साहसी खेळांच्या मोठ्या स्पर्धेत १० सुवर्णं. मध्येच २०१२ला अस्पेनमध्ये सरावात गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, त्यावर एकदा नाही, दोनदा शस्त्रक्रिया झाली, अख्खा हंगाम गेला. परत येऊन २०१४चं एक्स गेम्स सुवर्ण घेतलं. ही बाई कसली वाट बघत बसली होती? ती खेळत होती आणि जिंकत होती.

ऑलिंपिक मात्र हुलकावणी देत राहिलं. व्हँकुव्हरला उपांत्य फेरीत मार्गाबाहेर गेली. सोचीला उपांत्य फेरीत पुढे असताना पडली. २०१८ला प्योंगचांगमध्ये चौथी आली, कांस्यपदक अगदी थोडक्यात हुकलं. आता विचार कर, या सगळ्या वर्षांत ती फक्त तुरिनचं उट्टं काढायला गेटमध्ये उभी राहत असती, तर सोचीनंतर तिच्याकडे काय उरलं असतं? डाग धुवायला धावणारीला प्रत्येक हार दुप्पट लागते. जुनी आणि नवी, दोन्ही एकदम.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझी निवड एकदा हुकली तेव्हा समितीतल्या एका गृहस्थांनी तोंडावर सांगितलं होतं, ‘तुझ्यात शेवटच्या शंभराचा दमच नाही.’ त्यानंतरचा प्रत्येक सराव मी त्यांना दाखवून देण्यासाठी केला. पहाटेचा, पावसातला, पाय भरून आलेले असतानाचा. वेळ सुधारली. ज्या दिवशी खरोखर चांगली धावले त्या दिवशी कळलं, ते गृहस्थ समितीतून कधीचेच बाहेर पडले होते. बघायला कुणीच नव्हतं, आणि धावायला कारणही उरलं नाही. तेव्हा मी सव्वीसची होते, पायांत अजून बरीच वर्षं होती. त्याची हळहळ अजून जात नाही.

म्हणून माझ्या मैदानावर ‘दाखवून देऊ’ हे शब्द मी खपवून घेत नाही. पालक म्हणतात, मॅडम मुलांची जिद्द मारतात. म्हणू देत. इर्षेवर धावणारी मुलं मी पाहिली आहेत. एक हंगाम वाऱ्यासारखी जातात, मग बूट घालायलाही येत नाहीत. जिद्द वेगळी, ती दर सकाळी लागते. ज्यांनी माझं ऐकलं ती अजून धावतायत. याबाबतीत मी हट्टी आहे आणि हट्टीच राहणार.

बीजिंग ऑलिंपिकचं सांगते. ९ फेब्रुवारी २०२२, लिंडसी ३६ वर्षांची, वैयक्तिक सुवर्ण. तुरिनच्या भरपाईबद्दल विचारलं तेव्हा, तो विचार मनात नव्हता, असंच ती म्हणाली. तिच्या शब्दांपेक्षा मला पुढची गोष्ट जास्त पटते. १२ तारखेला मिश्र सांघिक शर्यत होती. त्यात आधी पुरुष उतरतो आणि त्याच्या वेळेनुसार जोडीदारणीचं गेट उघडतं. तिचा जोडीदार निक बॉमगार्टनर ४० वर्षांचा, वैयक्तिक शर्यतीत उपांत्यपूर्व फेरीतच बाद झालेला. अंतिम शर्यतीत इटलीच्या मिकेला मोयोलीने, म्हणजे प्योंगचांगच्या विजेतीने, लिंडसीला मागे टाकलं. लिंडसीने तिला पुन्हा गाठलं, ओलांडलं, दुसरं सुवर्ण घेतलं. हिशोब चुकता करायला आलेली असती, तर तीन दिवसांपूर्वीच तिचं काम संपलं होतं. मोयोली पुढे गेल्यावर तिच्या मागे जिवाच्या आकांताने जायची गरजच काय होती?

तुला सोडायचं असेल तर आज सोड. मी अडवणार नाही, नाराजही होणार नाही. अभ्यास आहे, घर आहे, दुसरं काही आवडत असेल. पण एक शर्यत जिंकून मग सोडते, हे मला मान्य नाही, आणि त्यासाठी मी तुला सराव देणार नाही. सरळ सांगते, म्हणजे गैरसमज नको. हरलीस तर त्याच चिखलात राहशील, जिंकलीस तर दुसऱ्या दिवशी काय करायचं ते कळणार नाही.

उत्तर लिही. त्या स्पर्धेचं, त्या मुलीचं, त्या व्हिडिओचं नाव न घेता लिही. चारशे मीटरमधला कुठला टप्पा तुला आवडतो, दुसरं वळण का शेवटची सरळ रेघ, आणि कुणी बघत नसताना तू किती वर्षं धावशील, एवढंच मला हवंय. घाई करू नकोस. आणि उत्तर सुचलं नाही, तर सुचलं नाही असं लिही. फोन करते मग मी.

तुझी
मॅडम