तिकीट वाढलं, तिजोरी भरली का?

गेल्या वेळी फुटबॉल क्लबांचे ताळेबंद कसे वाचायचे ते लिहिलं होतं. ताळेबंद राहिले बाजूला, बहुतेक वाचकांनी विचारलं ते तिकिटाबद्दल. बरोबरच आहे. ताळेबंद क्लबचा असतो, तिकीट आपल्या खिशातून जातं. निवडक प्रश्न घेतो. काही पत्रं थोडी छाटली आहेत.

प्रश्न (कोथरूड, पुणे) : पंचवीस वर्षांपासून मी मँचेस्टर युनायटेडचा चाहता आहे. क्लब तोट्यात होता म्हणून त्यांनी मोसमाच्या मधेच तिकीट ६६ पौंड केलं. घरात ओढाताण असली की मालक भाडं वाढवतोच. लोक एवढे का चिडले?

भाड्याचीच उपमा पुढे नेऊ. मालकाने चैनीपायी कर्ज काढलं, दोन नोकरांना वर्षाचा पगार देऊन घालवलं आणि मग जिन्याखाली राहणाऱ्या म्हातारीचं भाडं वाढवलं, तर चाळ चिडेल की नाही?

आता आकडे. २०२३-२४ या वर्षात युनायटेडचं उत्पन्न सुमारे ६६ कोटी २० लाख पौंड होतं. त्यात सामन्याच्या दिवसाची कमाई, म्हणजे तिकिटं, खाणंपिणं, आदरातिथ्याच्या महागड्या खुर्च्या असं सगळं मिळून, सुमारे १३ कोटी ७० लाख. निव्वळ तोटा ११ कोटी ३० लाखांच्या आसपास. नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लबने सदस्यांसाठी उरलेल्या तिकिटांचा किमान दर ६६ पौंड केला आणि लहान मुलं, ज्येष्ठ नागरिक यांची सवलत काढून टाकली. त्याआधी मोठ्या माणसाचं तिकीट ४० पौंडांपासून मिळत होतं, मुलांचं २५ पासून.

बहुतेक जागा तोवर विकल्या गेल्या होत्या, हे विसरू नका. समजा, दर सामन्याला ३,००० तिकिटं उरत होती आणि दहा सामने बाकी होते. प्रत्येक तिकिटावर २६ पौंड जास्त मिळाले, तर वाढ होते ७ लाख ८० हजार पौंडांची. समजुतीपुरते ३,००० धरलेत, हवं तर दुप्पट धरा. त्याच मोसमात प्रशिक्षक एरिक टेन हाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना घरी पाठवायला क्लबने १ कोटी ४ लाख पौंड मोजले. त्यांचा करार वाढवून जेमतेम चार महिने झाले होते. म्हणजे आपल्या हिशेबातल्या वाढीच्या तेरापट रक्कम एका फसलेल्या निर्णयात गेली.

शिवाय २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने हा क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला, तो बराचसा कर्ज काढून. ते कर्ज आलं क्लबच्याच डोक्यावर. व्याज आणि कर्जाच्या इतर खर्चापोटी आजवर ५० कोटी पौंडांहून जास्त रक्कम क्लबने भरली आहे. तेव्हा तोटा खराच आहे, पण तो बापलेकांच्या तिकिटामुळे झालेला नाही आणि त्या तिकिटाने भरूनही निघणार नाही. लोक चिडले ते याच्यावर. २६ पौंड हे निमित्त.

प्रश्न (स्लाउ, इंग्लंड) : आम्ही बारा वर्षांपासून इथे आहोत. मिस्टरांच्या ऑफिसातले सहकारी म्हणतात, "तुमच्यासारख्या पाहुण्यांमुळे आमची तिकिटं महागली." हे खरं आहे का? वाईट वाटतं.

ताई, बारा वर्षं तिथे कर भरणारा माणूस पाहुणा नसतो, हे त्यांना आधी सांगा. मग त्यांचं म्हणणंही ऐकून घ्या, कारण अर्धं खरं आहे.

क्लबच्या नजरेतून पाहा. समजा, एका खुर्चीवर ९०० पौंडांचा सीझन पास असलेला स्थानिक माणूस बसतो. प्रीमिअर लीगमध्ये घरचे सामने १९, म्हणजे सामन्याला ४७ पौंड. हा माणूस कोपऱ्यावरच्या पबमध्ये पितो, सामना सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी आत शिरतो, जर्सी दहा वर्षांपूर्वीची, बाहेर पडला की थेट बसस्टॉप. त्याच खुर्चीवर पुण्याहून किंवा सोलहून आयुष्यात एकदा आलेला माणूस बसवा. तो तिकिटाला शंभर देईल, मैदानाची सफर करील, नवी जर्सी घेईल, भाच्यांसाठी तीन स्कार्फ घेईल. सेल्फी फुकट. हिशेब करणाऱ्याला कोण आवडेल?

म्हणून सीझन पासची संख्या गोठवायची, सवलती कमी करायच्या, साध्या जागांचं रूपांतर गाद्यांच्या खुर्च्यांत करायचं, असं सुरू आहे. टॉटनहॅमने ज्येष्ठांसाठी नव्या सवलती बंद केल्यावर निदर्शनं झाली. फुलहॅमने थेम्सकाठच्या नव्या स्टँडमधल्या काही जागांच्या सीझन पासचा दर ३,००० पौंड ठेवला. किराणा महागला की आपण दुकान बदलतो. टॉटनहॅमवाला मात्र तिकीट महागलं म्हणून आर्सेनलकडे जात नाही. जाणारच नाही, हे क्लबला पक्कं माहीत असतं.

यात एक गंमत आहे, म्हणजे गंमत नाहीच खरं तर. पाहुणा ज्यासाठी येतो ती गाणी, तो गलका, तो अंगावर काटा आणणारा आवाज तयार करतो तो जुनी जर्सीवाला, आणि फुकट. टीव्हीलाही तेच विकलं जातं. ब्रिटनपुरतेच प्रक्षेपणाचे हक्क २०२५-२६ पासूनच्या चार वर्षांसाठी ६७० कोटी पौंडांना गेले. गप्प बसलेलं मैदान एवढ्याला कोण घेईल?

मी स्वतः पाहुणा म्हणून जाऊन आलोय, स्कार्फही आणलाय. पाहुण्याने लाजायचं कारण नाही. दर तो लावत नाही, क्लब लावतो. पण सहकाऱ्यांचा राग तुमच्यावर निघाला तरी तो मुळात कुठला आहे, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न (ठाणे) : एप्रिलमध्ये लंडनला जातोय. एक वेबसाइट मोठ्या सामन्याचं तिकीट तिप्पट दराने देतेय. घेऊ का?

नका घेऊ. इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय पुन्हा विकणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पकडला जाईल तो विकणारा, पण गेटवर अडाल तुम्ही. तिकिटं आता फोनवर असतात आणि क्लब ती रद्द करू शकतो. क्लबचं सदस्यत्व घ्या आणि त्यांच्या स्वतःच्या तिकीट-बदलीच्या (न येणाऱ्याचं तिकीट दुसऱ्याला देण्याच्या) पानावर लक्ष ठेवा. नाहीच मिळालं, तर खालच्या लीगचा सामना बघा : लेटन ओरिएंट, चार्ल्टन, किंवा अगदी छोटा डलिच हॅम्लेट. तिथे खेळाडूचा घाम दिसतो आणि शेजारचे आजोबा तुम्हाला पंचाला द्यायच्या शिव्या शिकवतात.

प्रश्न (नागपूर) : सीए करतोय. क्लब म्हणतात, उत्पन्न वाढवलं नाही तर आर्थिक नियमांखाली गुण कापले जातील. मग तिकीट वाढवण्याला पर्याय काय?

नियम खरा आहे आणि शिक्षाही खरी. तीन वर्षांत जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंड तोटा, ही प्रीमिअर लीगची मर्यादा होती. ती मोडली म्हणून एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले, पुढे आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गेले. २०२६-२७ पासून पद्धत बदलून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत ठेवायचा, असं क्लबांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदानाने ठरवलं.

पण तुम्ही परीक्षेला बसणार आहात, तेव्हा मटेरिअ‍ॅलिटी आठवा, म्हणजे एकूण हिशेबात फरक पडावा एवढा आकडा मोठा आहे का, ते. खेळाडू १० कोटींना घेतला आणि करार पाच वर्षांचा असला, तर वर्षाला २ कोटी खर्च म्हणून हिशेबात येतात, वर पगार. अशी एक खरेदी चुकली, तर तिकिटाच्या पाच-दहा टक्के वाढीने काय सावरणार? दुसरीकडे, क्लबच्या शाळेत घडलेला मुलगा पुस्तकात शून्य किमतीचा असतो. तो विकला की येईल तेवढा नफा. म्हणून घरचीच पोरं आधी विकली जातात. युनायटेडने २०२४ मध्ये स्कॉट मॅकटॉमिनेला नापोलीला दिलं. पुढच्याच वर्षी तो इटलीचा विजेता झाला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडूही. पुस्तकात नफा दिसला, मैदानावर काय झालं ते तुम्ही पाहिलंच.

चेल्सीने तर स्वतःची दोन हॉटेलं स्वतःच्याच भगिनी कंपनीला ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकून ताळेबंद सावरला. एवढी कल्पकता ज्यांच्याकडे आहे, त्यांना आजोबांच्या सवलतीवाचून मार्गच नव्हता, हे मला पटत नाही. तिकीट वाढवतात कारण ते सोपं आहे. टीव्हीचा करार चार वर्षं हलत नाही, प्रायोजक भांडतो, खेळाडूचा एजंट तर ऐकतच नाही. चाहता तेवढा ऐकतो.

प्रश्न (शिवाजी पेठ, कोल्हापूर) : जर्मनीत तिकिटं स्वस्त का? त्यांना पैसा नको आहे का?

कोल्हापुरात राहून हा प्रश्न विचारताय? पाटाकडील तालीम कुणाच्या मालकीची आहे, सांगा बघू. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार फुटबॉल सामना लागला की तालमीच्या कट्ट्यावरचा माणूस 'आमचा संघ' म्हणतो, तो कुणा मालकाला विचारून नाही.

जर्मनीत हीच भावना नियमात लिहिली आहे. १९९८ पासून तिथे ५०+१ नियम आहे : मतांचा निम्म्याहून जास्त वाटा सदस्यांच्या मूळ संस्थेकडेच राहायला हवा. गुंतवणूकदार पैसे घालू शकतो, हुकूम चालवू शकत नाही. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्ग असे अपवाद आहेत, लाइपझिगने तर नियम पाळून त्याचा आत्माच काढून घेतला, अशी टीका होते. तरीही, सदस्य मतदान करणार असतील तर कार्यकारिणी तिकिटावर हात टाकताना दहादा विचार करते.

दुसरं कारण उभं राहण्याच्या जागा. १९८९ च्या हिल्सबरोच्या दुर्घटनेत ९७ माणसं गेली, त्यानंतर इंग्लंडच्या वरच्या दोन विभागांत सगळ्या जागा खुर्च्यांच्या झाल्या. ते गरजेचं होतं, पण स्वस्त तिकीट त्याच ओघात गेलं. जर्मनांनी उभ्याच्या जागा राखल्या. डॉर्टमुंडच्या दक्षिण बाजूला सुमारे २५,००० माणसं उभी राहून सामना बघतात. मी एकदा तिथे होतो. नव्वद मिनिटं शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा, पुढचा अर्धा गोल झेंड्यामागे गेला, आणि तिकीट एका साध्या जेवणाच्या किमतीत.

फुकट काही नसतं, हेही सांगतो. जर्मन लीगला देशातल्या प्रक्षेपणातून वर्षाला सुमारे ११२ कोटी युरो मिळतात, इंग्लंडला त्याहून बरेच जास्त. चांगले खेळाडू इंग्लंडला जातात. बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ सलग अकरा वेळा लीग जिंकली. तुमच्या पेठेने दरवर्षी हरायचं आणि तिकीट स्वस्त ठेवायचं, चालेल? मला चालेल. तुमचं तुम्ही ठरवा.

प्रश्न (म्हापसा, गोवा) : लोक घोषणा देतात आणि पुढच्या शनिवारी परत रांगेत. निषेधाचा उपयोग होतो का?

लिव्हरपूलला झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वांत महागडं तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरलं. सुंदरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला सुमारे १०,००० माणसं उठून चालती झाली. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होतं, सामना २-२ झाला. चार दिवसांत मालकांनी माफी मागून निर्णय मागे घेतला. त्याच वर्षीपासून पाहुण्या संघाच्या चाहत्यांच्या तिकिटाला लीगभर ३० पौंडांची मर्यादा आली, तीही वर्षानुवर्षांच्या मोहिमेतून. जर्मनीत तर टेनिसचे चेंडू मैदानात फेकून सामने थांबवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने गुंतवणूकदार आणायचा बेतच सोडला.

नेहमी होतं असं नाही. लिव्हरपूलनेच २०२४ मध्ये दोन टक्के वाढ केली, इटलीच्या अटालांटा संघाविरुद्ध स्टँडमधले झेंडे चाहत्यांनी मुद्दाम आणले नाहीत, संघ ०-३ ने हरला आणि वाढ तशीच राहिली. मला फरक वाटतो तो हा : रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसतात, न आलेले झेंडे दिसत नाहीत.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : २०२६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत, आणि तिकिटाचा आकडा बघून घाम फुटला. हे काय प्रकरण?

मागणीनुसार हलणारा भाव, विमानाच्या तिकिटासारखा. सप्टेंबर २०२५ मध्ये अंतिम सामन्याचे दर जाहीर झाले तेव्हाच सर्वांत स्वस्त तिकीट २,०३० डॉलर होतं. युरोपातल्या चाहत्यांच्या संघटनांनी आरडाओरडा केल्यावर डिसेंबरमध्ये ६० डॉलरची काही तिकिटं निघाली, पण ती मोजकी आणि राष्ट्रीय संघटनांमार्फत निष्ठावान चाहत्यांना. भारताच्या चाहत्यांचा त्यात वाटा नाही. का, ते सांगून दुखावत नाही.

प्रश्न (अंधेरी, मुंबई) : मुंबई सिटीने तिकीट वाढवलं असतं, तर परदेशी मालक टिकला असता का? मी जास्त द्यायला तयार होतो.

तुमचं मन मोठं आहे, मैदान लहान. अंधेरीच्या मैदानात काही हजार माणसं मावतात. समजा, ७,००० तिकिटं ५०० रुपयांनी विकली आणि घरचे बारा सामने झाले, तर होतात ४ कोटी २० लाख. तेही प्रत्येक सामना भरला तर. संघाच्या पगाराची बाजू याच्या कितीतरी पट. म्हणजे युनायटेडकडे तिकिटाचा पैसा नगण्य नव्हता, फक्त वाढ नगण्य होती. इथे तिकीटच नगण्य.

मँचेस्टर सिटीची मालक कंपनी सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये ६५ टक्के वाटा घेतला, त्यांच्या काळात दोन वेळा लीग शील्ड (साखळीत पहिलं येण्याची ढाल) आणि दोन वेळा चषक आला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते बाहेर पडले. तेव्हा इंडियन सुपर लीगचं वेळापत्रकच नव्हतं. भारतीय फुटबॉल महासंघाचा व्यावसायिक भागीदाराबरोबरचा पंधरा वर्षांचा करार त्याच महिन्यात संपला, त्यातून महासंघाला वर्षाला ५० कोटी रुपये मिळत. सामनाच नसेल, तर तिकीट कितीचं ठेवायचं? तुमचे जास्तीचे पैसे घ्यायला खिडकीच उघडी नव्हती.