जुन्या पिकअपमध्ये कुठलं डिझेल इंजिन टाकायचं? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: माझा जुना पेट्रोल पिकअप आहे, चेसिस आणि बॉडी ठणठणीत पण इंजिन ऑइल खातंय, आता परत बोअर करत बसण्यापेक्षा सरळ डिझेल टाकावं असं डोक्यात आहे. कमिन्सचं ४बीटी मिळतंय, पण नुसतं इंजिन, गिअरबॉक्स नाही. मागे कायम सातआठशे किलो माल असतो आणि अर्धं रनिंग हायवेचं. घेऊन टाकू का?

उत्तर: इंजिन म्हणून ४बीटी चांगलंच आहे हो, ३.९ लिटर, चार सिलिंडर, टर्बो, पॉवर १०५ हॉर्सपॉवरच्या आसपास पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण ३६० न्यूटन मीटर, आणि तोसुद्धा १६०० आरपीएमला, म्हणजे माल भरून चढ चढताना गाडी हूं की चूं करणार नाही. पण वजन साडेतीनशे किलोच्या घरात जातं, तेव्हा पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतील हे धरून चाला. दुसरं म्हणजे हादरा. एवढे मोठे चार सिलिंडर आणि बॅलन्स शाफ्ट नाही, त्यामुळे आयडलला आरशात मागची एक गाडी दोन दिसते, आणि माउंटिंगचं रबर कडक बसवलं तर तो सगळा हादरा केबिनमध्ये येतो.

खरा घोळ मात्र गिअरिंगचा आहे, आणि तिकडे कुणी बघतच नाही, सगळे हॉर्सपॉवर विचारतात. समजा टायरचा व्यास ७५ सेंटिमीटर आहे, डिफ (मागच्या अ‍ॅक्सलचा डिफरन्शियल) ४.१० चा आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१० फेरे, आणि टॉप गिअर डायरेक्ट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट सारख्याच वेगाने फिरणारा आहे, तर ताशी १०० ला इंजिन जवळजवळ २९०० आरपीएमला फिरणार. पेट्रोलला हे काहीच नाही, ते आरामात गुणगुणत राहील, पण ४बीटी २५०० च्या आसपासच थकतं, त्याचा गव्हर्नरच, म्हणजे पंपातला आरपीएम रोखणारा भाग, पुढे जाऊ देत नाही. म्हणजे ऐंशीनंतर नुसता आवाज वाढणार. त्याच गाडीला ०.७५ चा ओव्हरड्राइव्ह (इंजिनाच्या पाऊण फेऱ्यात शाफ्टचा एक फेरा देणारा वरचा गिअर) असलेला गिअरबॉक्स लावला किंवा डिफ ३.०८ च्या जवळचा टाकला की १०० ला २१७० वर येतं, आणि डिझेलला तिथेच बरं वाटतं. त्यामुळे आधी तुमच्या डिफचा रेशो काढा, टायर मोजा, हिशोब मांडा आणि मग इंजिन शोधायला निघा.

नुसतं इंजिन घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत. तुमचा पेट्रोलचा गिअरबॉक्स हा टॉर्क किती दिवस झेलेल सांगता येत नाही, वर अडॅप्टर प्लेट बनवा, सेंटर जुळवा, पायलट बेअरिंग शोधा, फ्लायव्हील आणि क्लच प्लेटचा मेळ घाला, आणि सेंटर केसभर जरी चुकलं तरी इनपुट शाफ्टचं बेअरिंग ओरडायला लागतं. त्यापेक्षा गिअरबॉक्ससकट, डिझेल पंप, सेल्फ, अल्टरनेटर, रेडिएटर सगळं लावलेलं इंजिन बघा. तुमच्या कामाला मी इसुझूचं ४जेबी१, तेही टर्बोवालं, पसंत करीन. २.८ लिटरचं, मेकॅनिकल पंप, वायरिंगची कटकट नाही, वजनाला ४बीटीपेक्षा बरंच हलकं. चढावर थोडा धीर धरावा लागेल, एवढंच. मर्सिडीजचं पाच सिलिंडरचं ओएम६१७ पण टिकाऊ म्हणून नावाजलेलं, पण ते मला हलक्या गाडीत शोभतं. नवीन कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवालं, घ्यायचं, उदाहरणार्थ कमिन्सचंच आर२.८, १६१ हॉर्सपॉवरचं, तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग आणि अ‍ॅक्सिलरेटर पेडल सोबत असेल तरच, नाहीतर सेन्सर शोधण्यातच जीव जाईल.

जुनं इंजिन बघायला जाल तेव्हा सेल्फ मारायच्या आधी ब्लॉकला हात लावा. गरम लागलं तर तुम्ही येण्याआधीच चालवून ठेवलंय असं समजा, आणि थंड झाल्यावर परत या, कारण डिझेलचं दुखणं थंड स्टार्टलाच कळतं. मग गरम होऊ द्या, ऑइलची कॅप सैल करून तशीच वर ठेवा. थोडी थरथरली तर चालतं, उडून पडली किंवा वाफ जोरात भकाभका आली तर बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब झिजलेल्या रिंगांमधून खाली गळतोय, तिथून निघा. ऑइल चेंबरचा फुगवटा पुढे आहे का मागे तेही बघून ठेवा, नाहीतर इंजिन उतरवताना तो क्रॉस मेंबरवर टेकतो आणि चेंबर कापून वेल्ड करायची वेळ येते. आणि इंधन बदललं की नोंदणीचे कागद आणि विमा दोन्ही बदलतात, तेव्हा परवानगी मिळते का ते आधी विचारा, मग पैसे मोजा.

प्रश्न: डिझेल बसवलं, गाडी मस्त पळते, पण ब्रेक दगडासारखा कडक झालाय. मास्टर सिलिंडर गेला का?

उत्तर: मास्टर सिलिंडरला हात लावू नका. पेट्रोल इंजिन थ्रॉटलमुळे व्हॅक्यूम तयार करतं आणि तुमचा बूस्टर, म्हणजे ब्रेकला जोर देणारा डबा, त्यावर चालत होता, मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला थ्रॉटलच नसतो मग व्हॅक्यूम कुठून येणार. व्हॅक्यूम पंप लावावा लागतो, बऱ्याच इंजिनांना तो अल्टरनेटरच्या मागेच असतो, त्याची ऑइलची लाइन जोडलीय ना आणि बूस्टरच्या पाइपमधला नॉनरिटर्न व्हॉल्व्ह उलटा तर बसला नाही ना ते बघा. हे होईपर्यंत माल भरून गाडी बाहेर काढू नका, प्लीज. आणि आरपीएमचा काटा मेला असेल तर तेही साहजिकच आहे, इग्निशन कॉइल गेली म्हणजे सिग्नल गेला, तो अल्टरनेटरच्या 'डब्ल्यू' खुणेच्या टर्मिनलवरून घ्या आणि डिझेलला चालेल असा मीटर लावा.

प्रश्न: चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहतं.

उत्तर: डिझेलच्या रोटरी पंपावर बहुतेक वेळा एक सोलेनॉइड, म्हणजे करंटवर उघडणारा व्हॉल्व्ह, असतो, त्याला करंट आहे तोवर डिझेल जातं. चावी बंद करून त्याच्या वायरला टेस्ट लॅम्प लावा. पेटला तर कुठूनतरी उलटा करंट येतोय, बहुतेक चार्जिंगच्या दिव्याच्या वायरमधून, तिथे करंट एकाच दिशेला जाऊ देणारा डायोड टाका. नाही पेटला तर सोलेनॉइडच अडकलाय, काढून साफ करा. तोवर बंद करताना टॉप गिअर टाकून ब्रेक गच्च दाबा आणि क्लच हळू सोडा.